तक्त्यात न मावणाऱ्या ग्रंथी

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परतली. पहिल्या तासाला वर्गात चिवड्याचा वास. आजपासून ग्रंथी. हिस्टॉलॉजीच्या वेळापत्रकात या विषयाला एक व्याख्यान आणि मागोमाग प्रात्यक्षिकं. तासाभरात सगळं उरकायचं तर फळ्यावर तक्ता काढणं सोपं. मुलांनाही तोच हवा असतो. ‘नीट’च्या तयारीत दोन वर्षं चार पर्यायांत जग बघायची सवय लागलेली, त्यामुळे रकाना दिसला की त्यांना हायसं वाटतं.

मी गर्भापासून सुरुवात केली. त्वचा असो की आतड्याचं अस्तर, पेशींचा एक सलग थर असतो, अभिस्तर. मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसा हा थर खालच्या ऊतीत उतरतो आणि तळाशी स्रवणाऱ्या पेशी तयार होतात. वरची वाट उघडी राहिली की ती वाहिनी, आणि ग्रंथी बहिःस्रावी. वाट बुजली आणि तळाचा पुंजका एकटा पडला तर त्याने आपला स्राव सोडायचा कुठे? भोवतीच्या केशवाहिन्यांत. ती अंतःस्रावी. घाम, लाळ, जठररस एका बाजूला. थायरॉईड, पिट्युटरी, अ‍ॅड्रिनल दुसऱ्या. हे डोक्यात बसलं की निम्मा तक्ता पाठ करावा लागत नाही.

थायरॉईडची गोष्ट मुलांना आवडली. चौथ्या आठवड्यात ती जिभेच्या मुळाशी उगवते, तिथून खाली मानेत उतरते आणि सातव्या आठवड्यापर्यंत आपल्या जागी पोचते. मागची वाट बुजते, पण जिभेच्या मुळावर जिथून ती निघाली तो खळगा आयुष्यभर राहतो. क्वचित वाटेचा एखादा तुकडा बुजायचा राहतो आणि गळ्याच्या मधोमध गाठ येते. सर्जरीच्या ओपीडीत अशा रुग्णाला जीभ बाहेर काढायला सांगतात. गाठ वर सरकते. हे सांगताच अख्खा वर्ग जीभ बाहेर काढून गळा चाचपायला लागला.

तास संपताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘मॅडम, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं. ती कुठली ग्रंथी?’ छान प्रश्न. ती लसिका गाठ. जुन्या पुस्तकांत तिलाही ग्रंथीच म्हटलेलं सापडतं, आणि वॉर्डात अजून ‘ग्लँड सुजलीय’ असंच बोलतात. पण तिच्यात अभिस्तराच्या स्रवणाऱ्या पेशी नाहीत. लिम्फोसाइट्सचा तो तळ. जखमेतून आलेल्या जंतूंशी तिथे गाठ पडते म्हणून सुजतो. मुलाने वहीत लिहिलं, ‘अवधाण ग्रंथी नाही’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. मेसमधल्या साबुदाण्याच्या खिचडीचा वास साडेअकरापासून हिस्टो लॅबपर्यंत. आणि प्रात्यक्षिक लाळग्रंथींचं! याहून चांगली सोय कुठली?

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या, तिन्हींच्या स्लाइड्स ओळीने लावल्या. पॅरोटिड माणसात सगळी सीरस: पेशी गडद, तळाशी जांभळट, वरच्या बाजूला गुलाबी कण, केंद्रक गोल. मध्ये मध्ये चरबीच्या पेशींची पांढरी भोकं. सबलिंग्वल बहुतेक म्यूकस: पेशी फिक्या, फुगलेल्या, केंद्रक चपटं होऊन तळाला चिकटलेलं. सबमँडिब्युलर मिश्र, सीरसकडे झुकलेली. रंगवलेल्या पेशीतला म्यूकस फिका दिसतो, कारण स्लाइड तयार होताना त्यातला बराचसा वाहून जातो आणि उरलेला हिमॅटॉक्सिलिन-इओसिन नीट धरत नाही. सीरस पेशींतले विकरांचे कण मात्र इओसिन ओढून घेतात.

मग आरसा. हा भाग माझा आवडता. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून एक बारीक उंचवटा असतो. पॅरोटिडची वाहिनी तिथे उघडते. नील्स स्टेन्सन यांना ती १६६० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं तपासताना सापडली. गालगुंडात तोच उंचवटा लालसर सुजलेला दिसतो. जीभ वर उचलली की तिच्या खालच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना सबमँडिब्युलरची तोंडं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण सगळ्यात जास्त का साचतं, याचं उत्तर इथे आहे: कॅल्शियमने भरलेली लाळ चोवीस तास तिथेच झरते. काही खात-पीत नसताना तोंड ओलं ठेवण्याचं काम मुख्यतः तिचंच. खिचडीचा पहिला घास आत गेला की पॅरोटिडचा वाटा वाढतो, आणि तिची लाळ पातळ, अमायलेजने भरलेली. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. घास नीट चावला तर तोंडातच गोडसर लागायला लागतो. दिवसाला एकूण लाळ लिटर ते दीड लिटर. एका मुलीचा चेहरा हे ऐकून वाकडा झाला. गिळतो आपण ती सगळी, म्हटलं.

सबमँडिब्युलरच्या स्लाइडवर म्यूकसच्या पुंजक्याला बाहेरून चिकटलेली सीरस पेशींची चंद्रकोर दिसते. जुझेप्पे जानुझ्झी यांनी १८६५ साली तिचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात तिचं चित्र आहे. प्रत्येक परीक्षेत तिला बाण असतो. माझ्याही जर्नलात होती. १९९९ साली जपानी संशोधकांनी उंदराची सबलिंग्वल ग्रंथी फॉर्मॅलिनसारख्या नेहमीच्या रसायनात न टाकता क्षणार्धात गोठवली आणि मग तिचे काप घेतले. चंद्रकोर गायब! सीरस पेशी म्यूकस पेशींच्या शेजारी, एकाच रांगेत, पोकळीपर्यंत पोचलेल्या. नेहमीच्या पद्धतीत म्यूकस पेशी पाणी घेऊन फुगतात आणि शेजारणींना बाहेर ढकलतात, चंद्रकोर त्यातून तयार होते.

मुलांना हे सांगितलं. प्रतिक्रिया ठरलेली: ‘मग मॅडम, परीक्षेत काढायची का नाही?’ काढायची. एच अँड ई पेन्सिलने, जांभळ्या रंगात, नीट. स्लाइडवर जे दिसतं ते काढायचं. ते तसं का दिसतं हे तोंडी परीक्षेत सांगितलंत तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसेल.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सकाळी जागतिक मधुमेह दिनाची फेरी. बालदिनही आजच, त्यामुळे शाळेची पोरं आणि आमची पोरं चौकात एकमेकांत मिसळली. इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस, १८९१ चा. फलक धरलेल्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

दुपारी मुद्दाम स्वादुपिंडाची स्लाइड काढली. कमी भिंगाखाली ती पॅरोटिडसारखीच वाटते आणि स्पॉटिंगला मुलं तिथेच फसतात. मात्र इथे रेघारेघांच्या वाहिन्या नाहीत, आणि पुंजक्यांच्या मधोमध फिकट केंद्रकं दिसतात. मग फिरवता फिरवता गडद शेतात एक फिकट बेट येतं. पावल लँगरहान्स यांनी १८६९ साली बर्लिनमध्ये डॉक्टरकीच्या प्रबंधात याच फिकट पुंजक्यांचं वर्णन केलं. वय एकवीस. ते कशासाठी आहेत याचा त्यांनी दावा केला नाही, हे मला फार आवडतं. लँगरहान्स यांचं नाव त्या पुंजक्यांना एदुआर लागेस यांनी १८९३ साली दिलं.

सगळी बेटं मिळून ग्रंथीच्या वजनाच्या एक-दोन टक्के. बाकी सगळा कारखाना पाचकरसाचा. त्या कारखान्याची वाहिनी पादुआत योहान विर्सुंग यांनी १६४२ सालीच शोधली होती, फाशी दिलेल्या माणसाच्या शवात. म्हणजे बहिःस्रावी स्वादुपिंड आणि अंतःस्रावी स्वादुपिंड यांच्या शोधात सव्वादोनशे वर्षांचं अंतर, आणि दोन्ही एकाच अवयवात खेटून बसलेले.

या शेजाराचा त्रास इन्सुलिन शोधणाऱ्यांनी भोगला. स्वादुपिंड वाटून अर्क काढावा तर पाचकविकरं आतल्या संप्रेरकाचा फडशा पाडतील, अशी धास्ती. ऑक्टोबर १९२० च्या अखेरीस बँटिंग दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची तयारी करताना मोझेस बॅरन यांचा लेख वाचत होते. खड्याने वाहिनी तुंबलेल्या रुग्णात पाचकपेशी सुकून गेल्या, बेटं मात्र शाबूत. रात्री दोनच्या सुमारास त्यांनी टिपण केलं: कुत्र्याची वाहिनी बांधायची, पाचकभाग सुकू द्यायचा आणि उरलेल्यातून अर्क काढायचा. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोत मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत चार्ल्स बेस्ट यांच्यासोबत हेच सुरू झालं. पुढे त्यांनी वासराच्या गर्भाचं स्वादुपिंड घेतलं, कारण गर्भात बेटं भरपूर आणि पाचकभाग अजून कामाला लागलेला नसतो. अखेर थंड, आम्लयुक्त अल्कोहोलने मोठ्या जनावराच्या अख्ख्या ग्रंथीतूनही अर्क निघतो हे कळलं आणि वाहिनी बांधायची गरजच उरली नाही. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं, ते अशुद्ध निघालं. त्यांच्याच चमूतल्या कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने बारा दिवसांनी गुण आला.

वर्गात मी एवढंच म्हटलं की हा इतिहास बायोकेमिस्ट्रीवाले सांगतात, पण पहिल्या टिपणातली कल्पना सगळी रचनाशास्त्राची आहे. वाहिनी कोणाला आहे, कोणाला नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

लॅबमध्ये टाळूच्या त्वचेचे नवे ब्लॉक कापायला घेतले. मायक्रोटोमवर आमच्या लॅब टेक्निशियन काकांचा हात अजून तसाच स्थिर आहे; पाच मायक्रॉनची रिबन सुटते, ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची. रंगवताना हिमॅटॉक्सिलिनमधून काढलेली काच आधी तांबूस असते. ती नळाच्या पाण्याखाली धरली की निळी होते. पाण्यात थोडा अल्कधर्मीपणा लागतो. काका म्हणाले, ‘मॅडम, आपल्या बोअरच्या पाण्याला तोड नाही. दुसऱ्या ठिकाणी पावडर घालावी लागते.’ पिण्याला वाईट, कपड्यांना वाईट, स्लाइडला उत्तम.

केसाच्या मुळाशी तैलग्रंथी सुंदर आली. काठावर लहान, गडद पेशी. आत जावं तशा त्या चरबीच्या थेंबांनी फुगत जातात, केंद्रक सुकतं, आणि मुखापाशी पेशीच फुटून तेल होते. होलोक्राइन म्हणजे हेच. कडेची पेशी जन्मल्यापासून दोन-तीन आठवड्यांत संपते. एका काचेवर जन्म ते मरण सगळं एका रेषेत दिसतं. इतकी उघड स्लाइड दुसऱ्या कुठल्या ग्रंथीची नाही. तळहात-तळपायांना या ग्रंथी नसतात.

विभागातल्या मामांना डाव्या पापणीवर रांजणवाडी आली आहे. तीही पापणीच्या केसाजवळची तैलग्रंथी किंवा तिच्या शेजारची घामाची ग्रंथी तुंबून पिकल्याने होते. ‘मामा, गरम पाण्याने शेका, फोडू नका,’ एवढं सांगितलं. ते म्हणाले, घरच्यांनी लसूण लावायला सांगितलंय. लावू नका म्हटलं. सोमवारी बघते.

बुधवार, २० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. सुट्टी. बोटाला शाई.

शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. घामातल्या मिठाशी त्याची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराइड त्वचेत बसतं आणि उन्हात काळं पडतं. म्हणजे मतदानाच्या खुणेतही घर्मग्रंथीचा हात आहे. भाचीला हे सांगितलं तर तिला प्रयोग हवा झाला. घरात टिंक्चर आयोडीन होतं, कॉर्नफ्लोअर होतं. तिच्या अंगठ्यावर आयोडीन लावून वाळू दिलं, वर कॉर्नफ्लोअरची पातळ पूड. ‘आता सातचा पाढा उलटा म्हण.’ अर्ध्या पाढ्यात पांढऱ्यावर काळे-निळे ठिपके उमटायला लागले. भिंगातून बघितलं तर ठिपके ओळीत, बोटाच्या ठशाच्या रेघांच्या माथ्यावर. दोन रेघांमधल्या चरांत एकही नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एका गुंडाळलेल्या नळीचं तोंड. अंगभर अशा वीस ते चाळीस लाख. तळहाताच्या ग्रंथी उकाड्यापेक्षा घाबरण्याला जास्त दाद देतात, म्हणून सातचा पाढा. तिला ते अन्यायाचं वाटलं. बहिणीला टॉवेलवरचे डाग दिसायच्या आत मी निघाले.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज खरी जुंपली. दुग्धग्रंथीची स्लाइड. एका मुलीने जर्नलात ‘अपोक्राइन’ लिहिलं, शेजारच्या मुलाने ‘मेरोक्राइन’, आणि दोघंही पुस्तक उघडून आले.

दोघांचंही बरोबर आहे आणि हे मी आनंदाने सांगितलं. दूध तयार करणारी पेशी एकच. तिच्यातली प्रथिनं पिशव्यांमधून बाहेर येतात, पेशीचं काही न गमावता, म्हणजे मेरोक्राइन. चरबीचा थेंब मात्र पेशीचं टोक ढकलत बाहेर पडतो आणि जाताना तिच्याच पटलाचं वेष्टन घेऊन जातो: अपोक्राइन. एका पेशीत, एकाच वेळी, दोन रकाने.

गंमत पुढेच आहे. काखेतल्या ज्या ग्रंथींवरून शिफरडेकर यांनी अपोक्राइन हा प्रकार ठरवला, त्यांच्याबद्दलचं त्यांचं मोठं पुस्तक १९२२ चं. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींची टोकं फुगून तुटल्यासारखी दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर दिसलं की तिथला स्रावही बराचसा मेरोक्राइन पद्धतीनेच सुटतो. ज्यांच्यावरून नाव पडलं त्याच ग्रंथी त्या नावात धड बसत नाहीत, आणि नाव मात्र सगळ्या पुस्तकांत कायम.

मुलगी जरा चिडली. ‘मग हे वर्गीकरण ठेवायचंच कशाला?’ मला तिची चीड पटते, पण वर्गीकरण टाकून द्यावं असं वाटत नाही. तक्त्यातले प्रश्न चांगले आहेत: स्राव जातो कुठे, आणि तो देताना पेशी स्वतःचं किती देते? उत्तरं मात्र ग्रंथीगणिक विचारू नयेत, पेशीगणिक विचारावीत. पुस्तकं ग्रंथीच्या नावापुढे एक शब्द छापून मोकळी होतात आणि घोळ तिथे होतो. जर्नलात दोन्ही शब्द लिही, कशाला कोणता ते लिही, मी सही करते म्हटलं. तिने लिहिलं. मुलानेही तिचंच बघून लिहिलं. त्याला परत पाठवलं.

मामांची रांजणवाडी आपोआप फुटून बसली. लसूण लावली होती की नाही ते सांगायला तयार नाहीत.

सोमवार, २५ नोव्हेंबर

निकालाच्या गप्पा कॉरिडॉरभर, तरी छोटी तोंडी परीक्षा उरकली. यकृतावर एक मुलगा छान बोलला. सगळ्यात मोठी ग्रंथी, पण पुंजके नाहीत, मोठी वाहिनी दूर. प्रत्येक पेशी एका अंगाने पित्त बारीक नलिकेत सोडते आणि दुसऱ्या अंगाने अल्ब्युमिन रक्तात. ‘मग रकाना कुठला?’ विचारलं तर शांतपणे म्हणाला, ‘पित्ताचा एक, अल्ब्युमिनचा दुसरा.’ हा तोच अवधाणवाला.

उद्यापासून अंतःस्रावी स्लाइड्स. पॅराथायरॉईडसाठी मी नेहमी जास्त वेळ ठेवते, आणि सहकारी त्यावरून चिडवतात. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या चार ग्रंथी थायरॉईडच्या पाठीला चिकटलेल्या. १८४९ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा मेला. रिचर्ड ओवेन यांनी त्याचं विच्छेदन केलं आणि थायरॉईडजवळच्या एका छोट्या पिवळसर पुंजक्याची नोंद केली. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनमध्ये उप्सालाच्या इव्हार सँडस्ट्रम यांनी १८८० साली केलं. ते तेव्हा वैद्यकीचे विद्यार्थी होते. त्याच सुमारास व्हिएन्नात सर्जन बिलरोथ यांच्या रुग्णालयात गलगंडाची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना हातापायांचे विचित्र पेटके यायचे. थायरॉईड काढताना तिच्या पाठीवरच्या या चार दाण्यांचीही वाट लागत होती. रक्तातलं कॅल्शियम घसरत होतं. त्या थायरॉईडहून निराळ्या आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे हे सर्जनना पटायला आणखी काही वर्षं गेली. म्हणून रकान्यांना नावं ठेवणाऱ्या मुलांना ही स्लाइड दाखवायची. इथे वेगळा रकाना नसल्याची किंमत रुग्णांनी मोजली.

आमच्याकडे माणसाच्या पॅराथायरॉईडची चांगली स्लाइड एकच शिल्लक आहे, आणि तिच्याही एका कोपऱ्यात कव्हरस्लिप सुटली आहे. काकांना डीपीएक्स लावून ठेवायला सांगितलं. पॅथॉलॉजीकडून ब्लॉक मिळतो का, उद्या विचारते; तोपर्यंत ती फक्त माझ्या सूक्ष्मदर्शकावर, मुलांनी रांगेने येऊन बघायची.